तालुक्यात बिनविरोध

फुटबॉलच्या संघात किती जणी लागतात हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं, आणि तेही शाळेच्या शिपायाकडून. तोवर सव्वीस वर्षं मी याच शाळेत हिंदी शिकवत होते. माझं नाव सुचिता घरत. चौलच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आमची माध्यमिक शाळा आहे. पाचवी ते दहावी, एक मैदान, आणि मैदानाच्या बरोबर मधोमध सिमेंटचं क्रिकेटचं पिच. त्या पिचवर मुलं खेळायची आणि मुली कडेने पाण्याच्या बाटल्या धरून उभ्या राहायच्या. यात काही खटकण्यासारखं आहे असं मला सव्वीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. मला वाटायचं, मुलींना बाटल्या धरायला आवडतं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत आठवीतली प्राप्ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं.

"बाई, मुलींचा फुटबॉलचा संघ करायचाय. अकरा जणी तयार आहेत. नावं लिहून आणलीत."

मी चहा पीत होते. "आधी हिंदीच्या चाचणीत पास हो," मी म्हणाले, "मग फुटबॉल बघू."

ती गेली. अकराच का, हे मला शिपायाने सांगितलं: संघात तेवढ्याच लागतात. संध्याकाळी मी पेपर तपासायला घेतले तेव्हा ती हिंदीत वर्गात दुसरी आली होती. पण एकदा दिलेला नकार बाईंनी मागे घ्यायचा नसतो असं मला तेव्हा वाटायचं. उलट दुसऱ्या दिवशी मी सहकाऱ्यांना सांगितलं की मुलींनी एवढं धावलं की पुढे शरीराला त्रास होतो. हे मी कुठे वाचलं असं कोणी विचारलं नाही. बरं झालं, कारण मी कुठेच वाचलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी वरून पत्रक आलं. प्रत्येक शाळेने मुलींच्या खेळांची नोंदणी करावी. मुख्याध्यापक ठाकूर सर पत्रकाला फार मानणारे. प्राप्ती ते पान त्यांच्याकडेही घेऊन गेली होती, ते त्यांना आठवलं. पण मुलींचा संघ न्यायचा तर बरोबर शिक्षिका हवी, हा नियम. शाळेत आम्ही तिघी. एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरीला पाच दहाची एसटी पकडून अलिबागला लहान मुलाकडे जायचं असायचं. उरले मी.

"सर, माझा गुडघा," मी म्हणाले.

"बाई, तुम्हाला खेळायचं नाहीये. नुसतं बरोबर जायचंय."

माझा हा गुडघा जरा सांगण्यासारखा आहे. तो खरंच दुखायचा, पण काम आलं की जास्त. लग्नात, हळदीकुंकवाला, बाजारात तो कधी दुखला नाही. सरांपुढे मात्र तो त्या दिवशी चालला नाही आणि मी फुटबॉलची बाई झाले.

पहिला हुकूम मी असा काढला की मुलींनी फुल पॅंट आणि वर ओढणी घेऊनच खेळायचं. लोक बघतात. मुलींनी मान डोलावली. पहिल्याच दिवशी दोघी ओढणीत पाय अडकून पडल्या आणि तिसरीची ओढणी चेंडूबरोबर गोलमध्ये गेली. कुंपणावर बसलेली मुलं हसून लोळली. मी मुलींवर रागावले, की नीट का सावरत नाही. प्राप्ती शांतपणे म्हणाली, "बाई, चेंडू सावरू का ओढणी, एक काहीतरी सांगा." दुसऱ्या दिवसापासून ओढण्या गोलच्या खांबाला बांधल्या जाऊ लागल्या. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

मैदान काही मिळालं नाही. आमचे खेळाचे हर्षद सर म्हणाले, "बाई, मुलांच्या खऱ्या मॅचेस असतात. त्यांना मैदान लागतंच." त्या 'खऱ्या' शब्दाचं मलाही काही वाटलं नाही. मुलींना मधल्या सुट्टीतला अर्धा तास मिळाला, भर उन्हात, पाण्याच्या टाकीमागच्या तुकड्यात. तिथून चेंडू जरा जोरात मारला की शेजारच्या सुपारीच्या वाडीत जायचा आणि अर्ध्यातला अर्धा वेळ तो मागून आणण्यात संपायचा. मी टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि घड्याळ बघायचे.

महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की रोज एक-दोघी खेळत नाहीत, नुसत्या बसून राहतात. मला वाटलं, कंटाळल्या. प्राप्तीला विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, "बाई, पाळी आली की बदलायला जागा नाही. मुलींच्या संडासाला कुलूप असतं."

"चावी ऑफिसात असते ना."

"ऑफिसात सर बसलेले असतात. त्यांच्यासमोरून चावी मागायची?"

मी स्वतः शिक्षिकांचं स्वच्छतागृह वापरायचे. त्याची चावी माझ्या पर्समध्ये असायची. सव्वीस वर्षं मी मुलींना वर्गात 'स्वच्छता का महत्त्व' या विषयावर निबंध लिहायला लावत होते, आणि चांगला लिहिणारीला वहीवर तारा काढून देत होते. त्या दिवशी मी शिपायाकडून कुलूप काढून घेतलं आणि ते परत दिलंच नाही. यात शौर्य काही नव्हतं. मला खूप लाज वाटली होती आणि ते कुलूप समोर दिसायला नको होतं, एवढंच.

मग पालक. राखीव दोघी धरून तेरा मुलींच्या घरी मी जाऊन आले. कोणी म्हणालं काळी पडेल, कोणी म्हणालं पाय मोडला तर उद्या कोण करून घेईल. मी सगळ्यांना समजावत होते, आणि समजावताना मनात त्यांचंच म्हणणं मला पटत होतं. प्राप्तीच्या घरी तिची आजी आवडाबाई होती. प्राप्तीचा बाप दयाराम बंदरावर ट्रेलर चालवायचा, पंधरवड्याने घरी यायचा. आई नव्हती. आजी-नातीची तोंडलीची वाडी होती आणि शाळेआधी प्राप्ती मांडवाखाली वाकून तोंडली खुडायची. आवडाबाई मापाची पाटी बाजूला सारून माझ्याकडे बघत राहिली.

"खेलू दे," ती म्हणाली. "पन न्हेशील तू, तं आनून सोडशील पन तूच. हितं, दारात. यश्टीच्या थांब्यावर न्हाय."

"सोडीन."

"पाय दुखतो म्हनशील."

माझ्या गुडघ्याची कीर्ती तिथपर्यंत गेली होती.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तालुक्याची स्पर्धा होती. गावातल्या विनेशच्या टेम्पोतून आम्ही गेलो, तेरा मुली आणि मी. जर्सी मुलांच्या जुन्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या. मुली सकाळपासून काही खाईनात. मी त्यांना रस्ताभर शिस्त, जिद्द आणि चिकाटी यांवर बोलत गेले. मैदानावर पंचांनी कागद तपासले, मुलींना ओळीत उभं केलं, चेंडू मध्यावर ठेवला. समोर कोणीच नव्हतं. पंधरा मिनिटं आम्ही तशाच उभ्या होतो. मग शिट्टी वाजली आणि पंच म्हणाले, "अभिनंदन. तुम्ही तालुक्यात पहिल्या."

मुलींच्या फुटबॉलसाठी दुसऱ्या एकाही शाळेने नाव दिलेलं नव्हतं.

शहाण्या बाईने हे गपचूप सांगितलं असतं. मी ठाकूर सरांना फोन करून "सर, आपण जिंकलो" असं सांगितलं. सोमवारी परिपाठाला माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. फाटकावर बॅनर लागला, त्यावर 'तालुका अजिंक्य' आणि मध्ये माझा फोटो, मुली कडेला छोट्या. मी भाषण केलं. परिश्रमाला पर्याय नाही, असं मी माइकवर म्हणाले तेव्हा प्राप्ती माझ्याकडे अशी बघत होती की मी पुढचं वाक्य विसरले. जिल्ह्याला मात्र गेलो नाही. तिथे एक मुक्काम होता आणि मुलींना मुक्कामाला न्यायचं नाही असं शाळा समितीने ठरवलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या वर्षी परत तेच. परत मधली सुट्टी, परत टेम्पो, परत समोर कोणी नाही. या खेपेला मुलींनी पंचांना विचारून पंधरा मिनिटांत आपसातच दोन बाजू करून खेळून घेतलं. परत शाल. आता माझ्याकडे दोन शाली झाल्या होत्या आणि स्टाफमध्ये मला थट्टेने नाही, खरंच, 'कोच' म्हणू लागले होते. ऑफसाइड म्हणजे काय हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं तर मी म्हणायचे, "ते प्रसंगावर असतं."

त्या वर्षी जिल्ह्याचे सामने एका दिवसाचेच होते. मुक्काम नव्हता. समिती तयार झाली, टेम्पो ठरला. आणि नेमक्या त्याच दिवशी सासरच्या मंडळींनी हरिहरेश्वरला जायचं ठरवलं. वर्षातून एकदा सगळे एकत्र जातात. जिल्ह्याला मोठ्या शाळांचे संघ येणार, आमच्या मुलींना धूळ चारणार आणि मी मैदानाच्या कडेला काहीच न समजता उभी राहणार, हे मला दिसत होतं. दोन दिवस आधी मी सरांना सांगितलं, "गुडघा अजिबात वाकत नाहीये, सर."

बाई नाही, म्हणून संघ नाही.

हरिहरेश्वरला देवळाच्या मागे प्रदक्षिणेला जाताना खडकातल्या पायऱ्या उतराव्या लागतात. बऱ्यापैकी उभ्या आहेत. मी त्या उतरले, खाली समुद्राला हात लावला, परत चढले, आणि वर आल्यावर यजमानांनी काढलेला फोटो कौतुकाने स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'अजूनही दम आहे.'

मुलींकडे माझा नंबर होता. टेम्पोच्या वेळा कळवायला मीच दिला होता.

सोमवारी नववीच्या वर्गात मी शिरले तेव्हा सगळ्या उभ्या राहिल्या, नमस्ते म्हणाल्या, खाली बसल्या. प्राप्ती उभीच राहिली.

"बाई, गुडघा बरा आहे?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी रागावू शकले असते. मी "बरा आहे" म्हणाले आणि फळ्याकडे वळून तारीख लिहिली. ती चुकीची लिहिली. पुसून परत लिहिली, तीही चुकीची. कोणी हसलं नाही.

आठ दिवस मुली टाकीमागे आल्याच नाहीत. मी खुर्ची टाकून एकटी बसत होते, हट्टाने, जणू त्या मला सोडून गेल्या होत्या. नवव्या दिवशी प्राप्ती आली.

"बाई, आपण दोन वर्षं तालुक्यात पहिल्या."

"हो ना."

"मग दुसऱ्या कोण आल्या?"

कोणीच नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी दहावीत. नंतर शाळा सुटली. एकदा तरी समोर कोणीतरी पाहिजे, बाई. हरलो तरी चालेल."

 जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी स्कूटी काढली आणि शनिवारी दुपारी एकेका शाळेत जाऊ लागले. आपल्याच संघाविरुद्ध संघ मागत फिरणारी तालुक्यातली पहिली बाई मीच असेन. पहिल्या शाळेत सांगितलं, मैदान मुलांना लागतं. दुसऱ्या शाळेत सांगितलं, आमच्याकडचे पालक फार जुन्या विचारांचे आहेत. ज्यांनी सांगितलं त्या बाईंनी पालकांना विचारलेलं नव्हतं. तिसरीकडे एक सर म्हणाले, मुलींनी एवढं धावलं की शरीराला त्रास होतो. मी विचारलं, "कुठे वाचलंत, सर?" ते म्हणाले, "असं म्हणतात." म्हणणारी मीच होते, पण ते त्यांना कळू दिलं नाही.

चौथ्या शाळेत गणिताच्या सोनल बाई भेटल्या. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, चटपटीत. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवला.

"अहो, केलं असतं हो. पण माझी ही कंबर."

मी त्यांच्याकडे बघितलं. इतकं ओळखीचं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांना हरिहरेश्वरच्या पायऱ्या सांगितल्या. स्टेटस सांगितलं, वर्गातला प्रश्न सांगितला, दोन्ही शाली सांगितल्या. आधी त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या, आणि शेवटी कमरेवरचा हात त्यांनी हळूच खाली घेतला.

"पण आमच्या मुलींना खेळता येत नाही," त्या म्हणाल्या.

"आमच्याही फारशा खेळलेल्या नाहीत. तालुक्यात पहिल्या आहेत फक्त."

त्यांना शिकवायला कोण, हा प्रश्न होता. मी शिकवणार म्हटल्यावर प्राप्ती इतक्या झटकन "नको" म्हणाली की तिलाच वाईट वाटलं. मग तिनेच दर रविवारी जायचं ठरलं, मागे माझ्या स्कूटीवर बसून. मी आवडाबाईला विचारायला गेले.

"ज्यांच्याशी खेलायचं, त्यांनाच शिकवायला जातं ही?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"मंग हरल की."

"हरेल कदाचित."

आवडाबाईने पदर खोचला. "रयवारी तोंडली सकालच्याला खुडून जा म्हना," ती म्हणाली आणि उठून आत गेली. ती परवानगी होती.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्राप्तीने सोनल बाईंच्या चौदा मुलींना खेळ शिकवला. चिखलात, पावसात. त्यांच्यात दिशा नावाची एक नववीतली मुलगी होती, बारीक, कमी बोलणारी, पण चेंडू पायाला चिकटल्यासारखी पळायची. येताना प्राप्ती मागे बसून तिच्याबद्दलच बोलायची. एकदा मी म्हटलं, "तिला सगळंच शिकवू नकोस. काहीतरी आपल्यासाठी ठेव." प्राप्ती म्हणाली, "बाई, मग खेळून काय उपयोग?" पुढचे चार किलोमीटर मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं. ऑफसाइड मात्र मला याच रविवारांत समजलं. दिशानेच बिस्किटाचे तुकडे मांडून दाखवलं.

सामन्याच्या दिवशी मैदानावर गुडघाभर नाही, पण घोट्याभर चिखल होता. पंचांनी मला ओळखलं. "बाई, या खेपेला समोर संघ आहे," ते म्हणाले, जणू वाईट बातमी देत होते. हर्षद सरही आले होते. खऱ्या मॅचेस त्या दिवशी नव्हत्या.

पहिल्या वीस मिनिटांत प्राप्तीने गोल केला. मी एवढी ओरडले की बाजूचे पालक सरकून उभे राहिले. मग सोनल बाईंच्या मुलींनी एक गोल फेडला. शेवटची पाच मिनिटं उरली असताना दिशाने चेंडू घेतला, आमच्या दोघींना चकवलं, आणि गोलकीपरच्या आधी समोर फक्त प्राप्ती होती. दिशा डावीकडे वाकली आणि उजवीकडून गेली. ती चाल प्राप्तीनेच तिला शिकवली होती. प्राप्ती चिखलात बसली आणि चेंडू जाळीत गेला.

दोन विरुद्ध एक. आम्ही हरलो.

आमच्या मुली रडत होत्या. मीही रडत होते, आणि शिक्षिकेने रडायचं नसतं म्हणून डोळ्यांत चिखल गेला असं सांगत होते. प्राप्ती रडत नव्हती. ती दिशाचा हात धरून तिला काहीतरी दाखवत होती. जवळ गेले तर म्हणत होती, "गोल बरोबर केलास, पण त्याआधी बाजूच्या मुलीला पास दिला असतास तर दोन मिनिटं आधी झाला असता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, आता आपण तालुक्यात दुसऱ्या."

हे सांगताना तिचा चेहरा जो झाला होता, तसा बिनविरोध मिळालेल्या दोन्ही प्रमाणपत्रांच्या वेळी झाला नव्हता.

सोमवारी ठाकूर सरांनी मला बोलावलं. "बाई, दोन वर्षं आपण अजिंक्य होतो. तुम्हीच जाऊन त्यांना शिकवून आलात, असं ऐकतो."

"मी नाही, सर. प्राप्तीने शिकवलं. मी गाडी चालवली."

सरांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "बॅनर उतरवावा लागेल." तो उतरवला. शाल सोनल बाईंना मिळाली, आणि त्यांच्या मुली जिल्ह्याला गेल्या. तिथे त्या पाच गोलांनी हरल्या. सोनल बाईंनी फोनवर तो सामना मला पाऊण तास सांगितला. कमरेचा उल्लेख आला नाही.

प्राप्ती आता अलिबागला अकरावीत आहे. तिथे मुलींचा संघ नाही. रविवारी ती सोनल बाईंच्या शाळेत जाते, आता एसटीने, आणि आवडाबाईने त्याला हरकत घेतलेली नाही. दयारामने ट्रेलरवरून येताना तिच्या मापाचे म्हणून बूट आणून दिले. एक नंबर मोठे निघाले, ती पुढे कापूस घालून वापरते.

यंदा मुलींच्या फुटबॉलसाठी तालुक्यातून चार संघांनी नावं दिली. ज्या सरांनी शरीराला त्रास होतो म्हणून सांगितलं होतं, त्यांच्या शाळेचाही त्यात होता. आम्ही पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो, त्याच शाळेकडून. मैदान आठवड्यातून दोन दिवस मुलींना मिळतं. दोनच, आणि त्यातला गुरुवार मैदानात कसलातरी मांडव घातल्यामुळे वाया जातो. त्यावर हर्षद सरांशी माझं भांडण चालू आहे. माझ्या निवृत्तीला साडेपाच वर्षं आहेत. तेवढ्यात ते मिटेल असं वाटत नाही.